धावत्या माणसाचे हृदय

१९६७ साली जिम फिक्स पस्तीस वर्षांचे होते. मासिकाच्या संपादकाची नोकरी, दिवसभर बैठे काम आणि रोज सिगारेटची दोन पाकिटे. वजन शंभर किलोंच्या आसपास पोहोचलेले. व्यायामाच्या नावाखाली अधूनमधून टेनिस, तेवढेच. एकदा टेनिस खेळताना त्यांच्या पोटरीचा स्नायू दुखावला. ती दुखापत बरी झाल्यावर पायांत ताकद यावी म्हणून त्यांनी घराजवळच्या रस्त्यावर हळूहळू धावायला सुरुवात केली. जगभरातील लाखो सामान्य माणसांना पुढे रस्त्यावर आणणाऱ्या एका धावपटूची सुरुवात इतकी साधी होती.

पस्तीस हे वय मात्र फिक्स यांच्यासाठी साधे नव्हते. त्यांचे वडील कॅल्व्हिन फिक्स हे ‘टाइम’ साप्ताहिकात संपादक होते. त्यांना पस्तिसाव्या वर्षीच हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. धाकटे फिक्स त्या वेळी जेमतेम कॉलेजच्या वयाचे होते. वडिलांना झटका आला त्याच वयात मुलाने बूट बांधले.

पहिली शर्यत, शेवटचा क्रमांक

थोडे दिवस धावल्यावर फिक्स यांनी गावातल्या पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले आणि शेवटचे आले. वयाने कितीतरी मोठी माणसे त्यांना मागे टाकून गेली. हा अनुभव हौशी धावपटूंना नवा नाही. अशा वेळी बरेच जण धावणे सोडून देतात किंवा ईर्ष्येने दुसऱ्याच दिवशी दुप्पट धावून गुडघा दुखावून घेतात. फिक्स यांनी दोन्ही केले नाही. ते नेमाने धावत राहिले.

अशा नेमाने शरीरात काय घडते? सुरुवातीच्या काही आठवड्यांत रक्ताचे प्रमाण थोडे वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि त्यामुळे विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. पायांच्या स्नायूंत बारीक केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. पूर्वी ज्या वेगाला धाप लागायची, त्याच वेगात माणूस गप्पा मारत धावू शकतो. हाडे, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना मात्र या बदलाशी जुळवून घ्यायला जास्त काळ लागतो. म्हणून दम वाढला तरी अंतर हळूहळूच वाढवावे लागते. नवशिक्यांच्या बहुतेक दुखापती या दोन वेगांतल्या तफावतीतून होतात.

पुढच्या दहा वर्षांत फिक्स यांचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले. सिगारेट सुटली. रोज सुमारे दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर धावणे हा दिनक्रमाचा भाग झाला. बोस्टनची प्रतिष्ठेची मॅरेथॉन त्यांनी अनेकदा पूर्ण केली. पहिल्या शर्यतीत सर्वांच्या मागे राहिलेला हा माणूस आपल्या वयोगटात कनेक्टिकट राज्याचा दहा हजार मीटरचा विजेताही ठरला.

लाल मुखपृष्ठाचे पुस्तक

१९७७ मध्ये फिक्स यांचे ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ प्रसिद्ध झाले. लाल मुखपृष्ठावर धावणाऱ्याचे दोन पाय होते आणि ते पाय खुद्द लेखकाचे होते. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत ते अग्रस्थानी पोहोचले.

या यशाला काळाचीही साथ होती. केनेथ कूपर या डॉक्टरांच्या ‘एरोबिक्स’ पुस्तकाने १९६८ पासूनच दमाच्या व्यायामाची ओळख लोकांना करून दिली होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकी धावपटूने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघे १२७ जण उतरले होते. सेंट्रल पार्कमध्ये फेऱ्या मारत होणारी ही शर्यत १९७६ पासून शहराच्या पाचही विभागांतून धावू लागली. धावणे हा मोजक्या खेळाडूंचा प्रांत राहिला नव्हता. कारकून, शिक्षक, गृहिणी, निवृत्त माणसे असे सगळेच रस्त्यावर उतरत होते आणि त्यांना त्यांच्याच भाषेत सांगणारे कोणीतरी हवे होते.

फिक्स ना प्रशिक्षक होते, ना डॉक्टर. त्यांची ताकद वेगळी होती. लठ्ठपणा, व्यसन आणि शेवटचा क्रमांक हे सगळे अनुभवून ते इथवर आले होते. बूट कोणते घ्यावेत, पावसात आणि थंडीत कसे धावावे, शर्यतीची तयारी कशी करावी, हे ते शेजाऱ्याशी बोलावे तसे लिहीत. वाचणाऱ्याला वाटे, यांना जमले तर मलाही जमेल.

त्या काळात धावपटूंमध्ये एक समजही जोर धरत होता. थॉमस बॅसलर या कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, जो धूम्रपान करत नाही आणि मॅरेथॉन पूर्ण करतो, त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबून मृत्यू येत नाही. मॅरेथॉन म्हणजे जणू हृदयविकारावरची लसच. हा दावा फार काळ टिकला नाही. टिम नोक्स, लायनेल ओपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या शवविच्छेदनाची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर स्पष्ट दिसत होते. पण शास्त्रीय नियतकालिकातली दुरुस्ती मैदानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आपण धावतो म्हणजे आपले हृदय शाबूत आहे, हा विश्वास तसाच राहिला.

टाळलेली तपासणी

डिसेंबर १९८३ मध्ये फिक्स डलासला कूपर यांच्या केंद्रात गेले होते. ट्रेडमिलवर धावताना हृदयाचा आलेख घेण्याच्या तपासणीची, म्हणजे स्ट्रेस टेस्टची, तिथे सोय होती. कूपर यांनी ती करून घेण्याचे सुचवले, पण फिक्स यांनी नकार दिला. वडिलांचा इतिहास त्यांना ठाऊक होता. पूर्वी ओढलेल्या सिगारेटचीही त्यांना कल्पना होती. तरी रोज सोळा किलोमीटर सहज धावणाऱ्या माणसाला ट्रेडमिलवरच्या काही मिनिटांची गरज वाटली नाही.

धावताना घशाशी आवळल्यासारखे होते, अशी तक्रार ते जवळच्या माणसांकडे करत असत, असे नंतर पुढे आले. त्याचा दोष ते ॲलर्जीला देत. हृदयाला रक्त कमी पडते तेव्हा दुखणे डाव्या छातीतच येईल असे नसते. घसा, जबडा, खांदा, दंड, पाठ, पोटाचा वरचा भाग यांपैकी कुठेही जडपणा किंवा आवळल्याची भावना येऊ शकते. श्रम करताना ती येते आणि थांबल्यावर जाते, ही तिची मुख्य खूण.

नियमित धावणाऱ्याच्या बाबतीत एक अडचण आणखी असते. सरावलेल्या माणसाची नाडी त्याच कामाला कमी वेगाने चालते, त्यामुळे हृदयाच्या स्नायूला प्राणवायूही कमी लागतो. रक्तवाहिनी अरुंद झाली असली तरी त्रास जाणवायला जास्त श्रम करावे लागतात. म्हणजे उत्तम दम हा आतल्या आजारावर बराच काळ पडदाही टाकू शकतो.

२० जुलै १९८४

त्या दिवशी फिक्स व्हरमाँट राज्यातील हार्डविक या छोट्या गावी पोहोचले आणि नेहमीप्रमाणे धावायला निघाले. रस्त्याच्या कडेला ते कोसळलेले आढळले. वय होते ५२.

शवविच्छेदनात कारण उघड झाले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्यांपैकी एक सुमारे ९५ टक्के, दुसरी ८५ टक्के आणि तिसरी ७० टक्के बंद झालेली होती. हृदयाच्या स्नायूवर आधीच्या इजेच्या खुणाही होत्या. असे हृदय घेऊन ते मैलोन् मैल धावत होते.

या आजारावर त्या काळी उपाय नव्हते असे नाही. फिक्स धावू लागले त्याच वर्षी, १९६७ मध्ये, क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, १९७७ मध्ये, झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीतील पहिली अँजिओप्लास्टी केली. कोलेस्टेरॉल कमी करणारे पहिले स्टॅटिन औषध मात्र अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आले. बायपासचा मार्ग फिक्स यांच्या आवाक्यात नक्कीच होता. त्यासाठी आधी निदान व्हायला हवे होते.

मग धावून उपयोग काय?

मृत्यूची बातमी पसरताच व्यायामाची टिंगल करणाऱ्यांना आयते उदाहरण मिळाले. धावण्याचा प्रसार करणाराच धावताना गेला, तर बाकीच्यांनी घाम कशाला गाळायचा? या प्रश्नाचे मोजून-मापून दिलेले उत्तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाले. डेव्हिड सिस्कोविक आणि सहकाऱ्यांनी सिएटल परिसरात अचानक हृदय बंद पडलेल्या पुरुषांचा अभ्यास केला होता. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. जोरकस व्यायाम चालू असताना हृदय बंद पडण्याचा धोका इतर वेळेपेक्षा वाढतो. व्यायामाची फारशी सवय नसलेल्यांत तो सुमारे ५६ पट होता, तर सर्वाधिक व्यायाम करणाऱ्यांत फक्त पाचपट. पण दिवसाचे चोवीस तास धरून हिशेब केला, तर सर्वाधिक व्यायाम करणाऱ्यांचा एकूण धोका बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४० टक्केच भरला.

म्हणजे दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. धावण्याच्या तासाभरात थोडा धोका वाढतो आणि उरलेल्या तेवीस तासांत तो बराच कमी होतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्ध आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांची पाहणी झाली. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजार स्पर्धकांमागे एक. आसपासच्या लोकांनी लगेच छाती दाबून प्राथमिक उपचार सुरू केले, अशांचा जीव वाचण्याची शक्यता जास्त होती.

धावणे रक्तदाब, साखर, वजन आणि मनाचा ताण यांवर चांगला परिणाम करते. पण वारशाने आलेली प्रवृत्ती ते पुसून टाकत नाही आणि आधीच साचलेले थर धुऊन काढत नाही. फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षे जास्त जगले. ती वर्षे सिगारेट सोडल्याने मिळाली की धावल्याने, हे एका माणसावरून ठरवता येत नाही.

शर्यतीची तयारी करताना

फिक्स यांची कहाणी आपल्याकडच्या धावपटूंनाही जवळची आहे. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, असे अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. त्यात चाळिशीत धावायला लागणाऱ्यांची आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी महिनोन् महिने तयारी करणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे.

पुरुष असाल तर चाळिशीनंतर, स्त्री असाल तर पन्नाशीच्या पुढे जोरकस सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटणे शहाणपणाचे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, धूम्रपान असेल किंवा पूर्वी केलेले असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तर वयाची वाट पाहू नये. स्ट्रेस टेस्ट करायची का, हे डॉक्टर ठरवतील. ती सर्वांना लागतेच असे नाही आणि ती चांगली आली म्हणजे आयुष्यभराचे प्रमाणपत्र मिळाले असेही नाही. लहान थर फुटून गुठळी झाली, तर आधी बिनदोष तपासणी झालेल्यालाही झटका येऊ शकतो.

सरावाच्या वहीत अंतर आणि वेळ लिहिताना शरीराची नोंदही ठेवावी. पाय जड वाटणे, एखादा आठवडा वेळ मागे पडणे हे सरावात होतच असते. दोन दिवस विश्रांती घेतली की ते सुधारते. पण नेहमीच्या सोप्या वेगाला अचानक धाप लागू लागली, छाती, घसा किंवा जबडा आवळू लागला, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर त्या दिवशी धावणे तिथेच थांबवायचे. पुढची धाव डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. तापात किंवा ताप उतरल्यावर लगेच शर्यत धावू नये. भरलेले प्रवेशशुल्क आणि मित्रांना दिलेला शब्द या दोन्ही गोष्टी पुढच्या वर्षावर टाकता येतात.

आणि फिक्स यांच्याकडून घ्यायचे तेही घ्यावेच. शंभर किलो वजनाचा, दिवसाला दोन पाकिटे ओढणारा माणूस पस्तिशीत सुरुवात करतो, पहिल्या शर्यतीत शेवटचा येतो आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर उतरतो, हे त्यांनी जगाला करून दाखवले. त्या चिकाटीच्या जोडीला वर्षातून एकदा तपासणीचा एक दिवस ठेवला, तर धावपटूची तयारी पुरी होते.