अंतर तासांवर आणणारे जे. आर. डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना सारा देश उद्योगपती म्हणून ओळखतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना मात्र त्यांच्यातला वैमानिक अधिक जवळचा वाटावा, कारण मुंबई-पुण्याचे अंतर किती असते हे आपण अनुभवाने जाणतो.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुटीत राहायला जात, तिथे इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो त्यांचे शेजारी होते. विमानाचे वेड तिथेच लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

त्या काळी इंग्लंडची हवाई टपाल कराचीपर्यंत येई आणि पुढे रेल्वेने जाई. कराची-मुंबई हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी टपालाची पोती घेऊन ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकटेच निघाले. सोबत रेडिओ नव्हता. अहमदाबादला उतरले, तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला पोहोचले. म्हणजे वाटेतल्या थांब्यासह सव्वासात तास. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे, तेव्हा विमाने पुण्याहून सुटत.

हा मार्ग हळूहळू आपल्या गावांपर्यंत आला. १९३५ मध्ये मुंबईहून गोव्यामार्गे त्रिवेंद्रमची सेवा सुरू झाली, तर १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत दिल्लीची. होळकर-शिंद्यांच्या राजधान्या हवाई नकाशावर आल्या त्या अशा. आज मुंबई-इंदूर हे सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर विमान साधारण सव्वा तासात कापते.

१९४६ मध्ये कंपनीचे नाव ‘एअर इंडिया’ झाले आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ चे राष्ट्रीयीकरण जेआरडींना पटले नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी १९७८ पर्यंत निष्ठेने सांभाळले. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, त्या दिवशी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते जुन्या छोट्या विमानातून पुन्हा कराचीहून मुंबईला आले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

कराचीतही आपल्यासारखीच जुनी मराठी वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तिथे आजही आहे. फाळणीनंतर मधे सीमा आली, तरी पुढे कित्येक वर्षे थेट विमान होते आणि ते दोन तासांच्या आत पोहोचे. आता तेही नाही. दुबईमार्गे वळसा घालून जाताना बहुधा १९३२ च्या सव्वासात तासांहून अधिक वेळ जातो. विमाने कितीतरी पटींनी वेगवान झाली, पावणेनऊशे किलोमीटर होते तेवढेच राहिले, आणि प्रवास मात्र लांबला. जेआरडींनी जोडलेल्या वाटांपैकी पहिलीच वाट आज बंद आहे, याची खंत आपल्याला वाटायला हवी.