विश्लेषण : डेट फंडाच्या फॅक्टशीटमधले ‘मेकॉले’ कोण?

व्याजदर कपातीची चर्चा सुरू झाली की डेट फंडांचे व्यवस्थापक ‘ड्युरेशन’ वाढवतात. दर वाढतील असे वाटले की घटवतात. फॅक्टशीटमध्ये याच मापाला ‘मेकॉले ड्युरेशन’ म्हणतात. इंग्रजी शिक्षणवाल्या लॉर्ड मेकॉलेंशी त्याचा संबंध नाही. हे फ्रेडरिक मेकॉले. जन्म १८८२, कॅनडातील माँट्रियलचा.

मुदत मोजायची कशी?

न्यूयॉर्कच्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’मध्ये ते आकडेवारीवर काम करत. १८५६ पासूनचे अमेरिकी व्याजदर आणि रोख्यांचे परतावे त्यांनी एका जाडजूड ग्रंथात मांडले, तो १९३८ मध्ये आला. त्यासाठी रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांची तुलना करायची होती. पण दोन रोखे २० वर्षांचेच असले, तरी जास्त व्याज देणाऱ्यातून पैसे लवकर परत येतात. मग मुदत सारखी कशी? मेकॉलेंनी प्रत्येक रक्कम किती वर्षांनी मिळते याची सरासरी काढली आणि त्या रकमेच्या आजच्या मूल्याइतके तिला वजन दिले. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी काढतो तो गुरुत्वमध्यच हा!

वर्षाला ७ टक्के व्याज देणारा, दर्शनी किमतीला घेतलेला ५ वर्षांचा रोखा घ्या. त्याचे ड्युरेशन ४.४ वर्षे. बाजारातील दर १ टक्क्याने वाढला, तर त्याची किंमत साधारण ४.१ टक्के घटते. किमतीशी असलेले हे नाते मात्र जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले.

अंदाज खरे ठरतात का?

बाजाराला पुढचे व्याजदर ओळखता येतात का, हेही मेकॉलेंनी त्याच ग्रंथात तपासले. उत्तर बहुतांशी नकारार्थी आले. ठळक अपवाद एकच. फेडरल रिझर्व्ह स्थापन होण्याआधी शरद ऋतूत, पिकांच्या हंगामात, पैशाची मागणी वाढे. ती दरवर्षीची असल्याने आधीच हेरली जाई.

म्हणजे दरांच्या अंदाजावर ज्यांचा भरवसा नव्हता, त्यांच्याच मापाने आज अंदाजावरचे डाव मोजले जातात.

उपयोग कधी सुरू झाला?

मार्च १९७० मध्ये मेकॉले गेले, तोवर हे माप जवळपास अडगळीतच होते. १९७१ मध्ये लॉरेन्स फिशर आणि रोमन वेल यांच्या शोधनिबंधाने ते पुन्हा चर्चेत आले. पुढे अमेरिकेत दर भडकले आणि रोखेबाजाराला ते अपरिहार्य झाले.

भारतात ‘सेबी’ने २०१७ च्या परिपत्रकात डेट फंडांच्या अनेक श्रेणी याच मापावर बेतल्या. ‘लाँग ड्युरेशन’ फंडात ते ७ वर्षांहून अधिक हवे. तिथे अंदाज चुकून दर १ टक्का वाढले, तर रोख्यांच्या किमतीत ढोबळमानाने साडेसहा टक्के किंवा त्याहून जास्त घट होते.