संत झेली मार्टिन : तेरेजाची आई, लिओनीची आई



हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेल्या छोट्या तेरेजाची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. कार्मेल मठातील ही तरुण धर्मभगिनी आपल्याला चांगली परिचयाची आहे, पण तिच्या आईविषयी आपण फारसे बोलत नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेरेजाचे आईवडील झेली आणि लुई मार्टिन यांना एकाच वेळी संत म्हणून जाहीर केले. पती आणि पत्नी यांना असे जोडीने संतपद मिळण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग. १२ जुलै हा त्यांचा सण.

मुले माळेला बसत नाहीत, मोठी झाली की मिस्सा चुकवतात, अशी तक्रार करणारे आईवडील प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांतील पुष्कळांनी आपल्या परीने सारे काही केलेले असते, आणि तरीही चुकले कोठे, या विचाराने ते झुरत असतात. अशा आईबापांना झेली जवळची वाटेल, आणि ती तेरेजापेक्षा लिओनीमुळे अधिक.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समध्ये, आलांसों शहराजवळच्या एका गावी झाला. वडील जुने शिपाईगडी, आई भाविक पण फार कडक. घरात प्रार्थना भरपूर होती, माया मात्र बेताची. लहानपणी आपल्याला साधी बाहुलीसुद्धा मिळाली नाही, ही खंत तिच्या मनात मोठेपणीही राहिली होती. भावाला लिहिलेल्या पत्रात तिने ती बोलून दाखवली आहे. श्रद्धेला प्रेमाची जोड नसेल तर मुलाला काय वाटते, हे तिने स्वतः भोगले होते.

तरुणपणी तिने धर्मभगिनी होण्यासाठी अर्ज केला, पण मठप्रमुख सिस्टरांनी तिला नकार दिला. मग ती लेस विणण्याचे काम शिकली. आलांसोंची सुईदोऱ्याची लेस त्या काळी सर्व युरोपात नावाजलेली होती. काही वर्षांतच झेलीने स्वतःचा धंदा उभा केला. बायका आपापल्या घरी लेसचे तुकडे विणत आणि दर गुरुवारी तिच्याकडे आणून देत. ते तुकडे सांधा न दिसेल असे जोडण्याचे नाजूक काम झेली स्वतः करी. कामकरी बायकांची मजुरी ती थकवत नसे. कोणी आजारी पडली तर तिच्या घरी जाऊन विचारपूस करी.

लुई मार्टिन घड्याळजी होते. त्यांनाही मठात जायचे होते, पण लॅटिन येत नसल्यामुळे ते राहून गेले होते. १३ जुलै १८५८ च्या मध्यरात्री आलांसोंच्या चर्चमध्ये दोघांचे लग्न लागले. खेड्यापाड्यांतील गिऱ्हाइके रविवारी शहरात येत, तरी लुई रविवारी दुकान उघडत नसत. मागचे दार तरी उघडे ठेवा, असा सल्ला मित्रांनी दिला. तोही त्यांनी मानला नाही. त्यात पैशाचे नुकसान होते आणि ते त्यांना ठाऊक होते. पुढे १८७० साली त्यांनी स्वतःचा धंदा सोडला आणि पत्नीच्या धंद्याचे हिशोब व फिरतीचे काम अंगावर घेतले. १८७० च्या सुमारास कमावत्या पुरुषाने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

पतिपत्नी रोज पहाटे साडेपाचच्या मिस्साला जात. नऊ मुले झाली. दोन मुलगे आणि मेलानी ही मुलगी तान्हेपणीच गेली. पाच वर्षांची हेलेन १८७० मध्ये वारली. हेलेनच्या मृत्यूनंतर झेलीला फार टोचणी लागली. आपण मुलीच्या आत्म्याची पुरेशी काळजी घेतली नाही, असे तिला वाटत राहिले. घरातील मरियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून तिने रडून घेतले, आणि तेथेच तिला समाधान मिळाले. मुलींनी आईला असे पाहिले होते. देवापुढे रडता येते, हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आईवडिलांच्या छायेला जणू दुसरे, आध्यात्मिक गर्भाशय मानले आहे. गर्भातल्या बाळाला कोणी उपदेश करीत नाही. आई जे खाते त्यावरच ते वाढते.

आता लिओनीविषयी. अशा चरित्रांत तिचा भाग बहुधा थोडक्यात आटोपला जातो.

लिओनी तिसरी मुलगी, जन्म १८६३ चा. लहानपणी सतत आजारी, अभ्यासात मागे, स्वभावाने हट्टी. थोरल्या दोघी, मेरी आणि पॉलीन, ल मान्स येथे धर्मभगिनी असलेल्या मावशीच्या शाळेत शिकून नावाजल्या. लिओनीला मात्र त्याच शाळेतून परत पाठवण्यात आले. झेलीची पत्रे या मुलीच्या काळजीने भरलेली आहेत. प्रेमाने वागवून पाहिले, रागावून पाहिले, काही उपयोग होईना. याच झेलीने १८७५ मध्ये एका गरीब घरच्या मुलीची सुटका केली होती. धर्मभगिनींचा खोटा वेष घातलेल्या दोन बायका त्या मुलीला उपाशी ठेवीत. झेलीने सरकारदरबारी खेटे घालून तिला आईकडे परत मिळवून दिले. पण स्वतःच्या छपराखाली काय चालले आहे ते तिला दिसले नाही.

फेब्रुवारी १८७७ मध्ये धर्मभगिनी असलेली ती बहीण क्षयाने वारली. स्वर्गात गेल्यावर लिओनीसाठी प्रार्थना कर, असे झेलीने तिला आधीच सांगून ठेवले होते. थोड्याच दिवसांत मेरीच्या लक्षात आले की घरची मोलकरीण कित्येक वर्षे लिओनीला गुपचूप धाकात ठेवीत आहे. आईपेक्षा माझे ऐक, नाहीतर बघ, असा तो प्रकार होता. झेलीला जबर धक्का बसला. त्या दिवसापासून तिने लिओनीला स्वतःजवळ ठेवले. काम करताना शेजारी बसवले, बाहेर जाताना बरोबर नेले. मुलगी बदलू लागली, आईला सोडीनाशी झाली.

पण वेळ थोडा उरला होता. झेलीच्या छातीत गाठ होती, आणि डिसेंबर १८७६ मध्ये डॉक्टरांनी आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे सांगितले होते. जून १८७७ मध्ये ती तीन थोरल्या मुलींना घेऊन लूर्डला गेली. लिओनीसाठी तरी आणखी जगावे, ही तिची ओढ होती. ती बरी झाली नाही. परतल्यावर निराश झालेल्या मुलींना तीच धीर देत होती. अखेरपर्यंत ती भिंतीला धरून का होईना पहाटेच्या मिस्साला जाण्याची धडपड करीत राहिली. तिला अंतिम अभ्यंग दिला गेला तेव्हा पाचही मुली खोलीत वयाच्या क्रमाने गुडघे टेकून होत्या आणि लुई हुंदके देत होते. सर्वांत धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती. तो प्रसंग तिच्या मनावर कायमचा कोरला गेला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली मरण पावली. तिचे वय ४५ वर्षे होते.

लिओनीचे पुढे काय होणार, हे तिला कळले नाही. लुई मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला गेले. चार मुली कालांतराने तेथील कार्मेल मठात गेल्या. लिओनीने १८८६, १८८७ आणि १८९३ अशा तीन वेळा मठात प्रवेश केला आणि तिन्ही वेळा ती घरी परतली. जानेवारी १८९९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, चौथ्या प्रयत्नात तिने कां शहरातील व्हिजिटेशन मठाचे दार उघडले. मावशी याच संघाची होती. या वेळी लिओनी राहिली. तेथे तिने बेचाळीस वर्षे काढली आणि १९४१ मध्ये ती वारली. आईला संतपद मिळाले त्याच वर्षी, २०१५ मध्ये, लिओनीच्या संतपदासाठीची चौकशी तिच्या धर्मप्रांतात सुरू झाली.