खाशाबा जाधव

आपल्या खानदेशातील जत्रांत कुस्ती रंगते ती मातीवर. गादीवरची कुस्ती ही निराळी विद्या. कराडजवळील गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी जन्मलेले खाशाबा 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादी त्यांना परकीच होती. तरीही ते सहावे आले आणि परतताच अधिक कसून सरावाला लागले.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा हा गुरू पदकाहूनही थोर म्हणावा लागेल.

हेलसिंकीत जपानी मल्ल इशी यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर नियमानुसार अर्धा तास विश्रांती मिळावयास हवी होती. ती मागण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा सोव्हिएत मल्लासमोर उभे राहिले व हरले. तरीही कांस्यपदक त्यांचेच होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडविले.

1955 साली ते पोलीस दलात फौजदार झाले. मेलबर्नच्या तयारीत गुडघा दुखावला आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. नोकरी मात्र निष्ठेने पूर्ण केली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालेल्या या मल्लाला निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो निधनानंतर.