ग्रंथांतल्या कथा घराघरांत नेणारा कलावंत : राजा रविवर्मा

कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि वीणा घेऊन बसलेली सरस्वती ही चित्रे पाहिली नाहीत असे मराठी घर विरळाच. ती इतकी परिचित आहेत, की या देवतांचे रूप अनादि कालापासून असेच असावे असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः हे रूप घडविणारा कलावंत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, आणि तोही मराठी नव्हे तर केरळीय. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. घराणे राजकुलाशी संबंधित, आणि घरात संस्कृत काव्य, पुराणे व कथकळी यांचे वातावरण. चित्रकलेची पहिली दीक्षा त्यांना मामा राजराज वर्मा यांच्याकडून मिळाली. वयाच्या चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरम येथे महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या आश्रयास आले. तैलरंगांची विद्या त्या काळी आपल्याकडे नवी होती आणि ती जाणणारे ती सहजासहजी दुसऱ्यास देत नसत. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला, तेव्हा तरुण रविवर्म्यांना शिक्षण असे मिळाले नाही. त्याचे काम पाहण्याची मुभा तेवढी मिळाली. त्या पाहण्यावर आणि पुढील स्वकष्टांवर त्यांनी ही विद्या हस्तगत केली. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक लाभले.

व्यक्तिचित्रांनी त्यांना कीर्ती व धन दिले. परंतु त्यांचे मन रमले ते कथेत. कालिदासाची शकुंतला, नल-दमयंती, हरिश्चंद्र, शंतनू आणि गंगा ही पात्रे त्यांनी ग्रंथांतून उचलली. दीर्घ कथानकातील नेमका एकच क्षण निवडावयाचा, आणि तो असा की मागचे-पुढचे सारे कथानक पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभे राहावे, हे त्यांचे खरे कौशल्य. दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या त्यांच्या शकुंतलेचे चित्र मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरात मुखचित्र म्हणून छापले गेले. ग्रंथातून निघालेली शकुंतला अशा रीतीने पुन्हा ग्रंथात जाऊन बसली!

१८८१ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा तेथे आले. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेण्याचे ठरविले. तत्पूर्वी धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह रविवर्म्यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. पुराणांतील स्त्रियांना वेश कोणता द्यावा, हा त्यांच्यापुढील मोठा प्रश्न होता. प्रांतोप्रांतीचे पोशाख भिन्न; एकाचा वेश दुसऱ्यास परका वाटावयाचा. त्यांच्या अनेक नायिका अखेरीस साडीत, आणि कित्येक तर मराठी नऊवारीत अवतरल्या. मल्याळी कुंचल्याने मराठी लुगडे साऱ्या देशाच्या पुराणकथांवर चढविले.

ही चित्रे राजवाड्यांतच राहिली असती. परंतु बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी, त्यांच्या छापील प्रती काढल्यास त्या सर्वांस मिळतील, असे १८८४ मध्येच सुचविले होते. अखेर १८९४ मध्ये रविवर्म्यांनी जर्मन यंत्रे व जर्मन कारागीर आणून मुंबईत शिळाछापखाना उभारला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे, असे ते किचकट काम होते. शकुंतलाजन्माचे चित्र प्रथम निघाले. ज्यांना मंदिरप्रवेश नाकारला जाई, अशांच्याही झोपडीत आता देव येऊ शकला. लोकांनी ती चित्रे नुसती टांगली नाहीत. बायकांनी त्यांवर जर, टिकल्या आणि कापड चिकटवून देवतांना सजविले. कालांतराने ही रूपे दिनदर्शिका, आगपेट्या व औषधांची वेष्टने यांवरही उतरली.

कलेच्या दृष्टीने एवढे यश, पण व्यवहारात अपयश! प्लेगच्या दिवसांत, १८९९ मध्ये, छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविला. तरी कर्ज वाढतच गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. ज्यांच्या चित्रांनी घरे भरली, त्यांना स्वतःला त्यातून सुबत्ता लाभली नाही. १९०५ मध्ये सावलीसारखा सोबत राहिलेला बंधू गेला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्म्यांनीही देह ठेवला. मळवलीचा छापखाना पुढे १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला.

त्यांच्या पश्चात बंगालमधील नव्या पिढीच्या कलावंतांनी ही कला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून हिणविली. त्या टीकेत तथ्यांश आहे; तैलरंग, छायाप्रकाश, यंत्रे ही सारी परदेशीच. परंतु सांगावयाची गोष्ट आपली होती, आणि ती सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेण्याची तळमळही आपली होती. याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्राची कथा पडद्यावर आणली, हाही त्याच परंपरेचा पुढला टप्पा मानता येईल.

आपली भिलाईही परदेशी तंत्रज्ञान आणि प्रांतोप्रांतीचे हात यांतूनच उभी राहिली. येथे मराठी घरातील लक्ष्मीपूजनास मल्याळी, तेलुगू, बंगाली शेजारी येतात, तेव्हा चौरंगावरची लक्ष्मी कोणालाच परकी वाटत नाही. आपल्या मुलांना त्या चित्राकडे बोट दाखवून त्यामागची कथा आणि त्या कलावंताचे नाव आपण सांगावे, हेच त्याचे उचित स्मरण होय.