जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन

जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (४ एप्रिल १८३५ – ७ ऑक्टोबर १९११) हे इंग्लिश मज्जाविकारतज्ज्ञ होते. अपस्माराचा (फेफरे, मिरगी) झटका मेंदूत कोठे सुरू होतो आणि शरीरात कसा पसरतो, याची उकल करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

जॅक्सन यांचा जन्म यॉर्कशरमधील ग्रीन हॅमर्टन या गावाजवळ झाला. यॉर्क व लंडन येथे शिक्षण घेऊन ते १८५६ मध्ये वैद्यकीय व्यवसायास पात्र ठरले. १८६२ पासून १९०६ पर्यंत ते लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्मार रुग्णालयाशी संबंधित होते. १८७८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ब्रेन’ या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

१८६५ मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ यांच्याशी झाला. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन १८७६ मध्ये एलिझाबेथ यांचे निधन झाले. पतीने ज्यांचा अभ्यास केला, त्याच प्रकारचे झटके त्यांना अखेरच्या आजारात येत होते. या दांपत्यास अपत्य नव्हते. जॅक्सन यांनी पुन्हा विवाह केला नाही.

झटक्यांविषयीचे संशोधन

त्या काळी अपस्माराचे उगमस्थान सामान्यतः मेंदूच्या तळाकडील लंबमज्जेत मानले जाई. जॅक्सन यांनी शरीराच्या एकाच बाजूस येणाऱ्या झटक्यांचे बारकाईने निरीक्षण केले. असा झटका बहुधा हाताचा अंगठा, तोंडाचा कोपरा किंवा पायाचा अंगठा येथे सुरू होई आणि ठरावीक क्रमाने पुढे सरके. उदाहरणार्थ, बोटांतून मनगट, दंड व चेहरा. झटका दुसऱ्या बाजूस पसरल्यास बहुधा रुग्णाची शुद्ध हरपे. या क्रमावरून मेंदूच्या बाह्यस्तरात शरीराच्या निरनिराळ्या भागांची केंद्रे असावीत, असे अनुमान त्यांनी काढले. चेतापेशींचे आकस्मिक व अतिरिक्त विसर्जन हे झटक्याचे कारण त्यांनी मांडले. झटक्यानंतर काही काळ राहणारा लुळेपणा त्या पेशींच्या थकव्यामुळे येतो, असे त्यांचे मत होते.

१८७० मध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्यांवर आणि १८७३ पासून डेव्हिड फेरियर यांनी विविध प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांनी या अनुमानास पुष्टी मिळाली. झटक्यापूर्वी भासणारा वास व स्वप्नवत अवस्था यांचा संबंध त्यांनी मेंदूच्या शंखखंडाशी जोडला. अशा एका रुग्णाच्या, जो स्वतः डॉक्टर होता, शवविच्छेदनात त्याच भागात लहानसा विकार आढळला.

प्रभाव

२५ मे १८८६ रोजी व्हिक्टर हॉर्सली यांनी क्वीन स्क्वेअर येथे अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. त्या वेळी जॅक्सन उपस्थित होते. झटका कोठून सुरू होतो यावरून मेंदूतील जागा ठरविण्याची त्यांची पद्धत शस्त्रक्रियेस मार्गदर्शक ठरली. क्रमाक्रमाने पसरणाऱ्या झटक्यास आजही जॅक्सन यांच्या नावाने ओळखले जाते.