भुलीच्या तक्त्यापासून पीयूषिका ग्रंथीपर्यंत : डॉ. हार्वे कुशिंग



घरातल्या कुणाचं ऑपरेशन झालं की आपण विचारतो, ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केलं? भूल कुणी दिली, हे सहसा कुणी विचारत नाही. आज ज्यांचं चरित्र आपण बघणार आहोत ते डॉ. हार्वे कुशिंग मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं जगप्रसिद्ध नाव. पण त्यांच्या कामाची सुरुवात भुलीपासून झाली, तीही एका दुःखद घटनेतून.

जन्म आणि शिक्षण

हार्वे विल्यम्स कुशिंग यांचा जन्म 8 एप्रिल 1869 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा, तिघेही डॉक्टर. 1891 मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेऊन ते बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले.

बोस्टनमध्येच 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक यशस्वी झालं होतं. पण त्याला पन्नास वर्षं होत आली तरी भूल देणं हे दुय्यम काम समजलं जाई आणि ते शिकाऊ विद्यार्थ्यांवर सोडलं जाई. एक दिवस कुशिंग यांना असंच भूल द्यायला बोलावलं. पूर्वीचं प्रशिक्षण काहीच नाही. आतडं अडकलेला रुग्ण भुलीत असतानाच उलटी श्वासनलिकेत जाऊन दगावला. वरिष्ठांनी त्यात फारसं विशेष मानलं नाही. कुशिंग मात्र हादरले. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावं, इथपर्यंत विचार त्यांच्या मनात आला.

पहिला तक्ता

त्यांनी शिक्षण सोडलं नाही. त्यांचा वर्गमित्र अमोरी कॉडमन हाही भूल देत असे. दोघांनी पैज लावली. ज्याची भूल कमी चांगली ठरेल, त्याने दुसऱ्याला जेवण द्यायचं! मग कुणाची भूल चांगली, हे ठरवायला नोंदी ठेवणं आलंच. 1894 च्या सुमारास त्यांनी ऑपरेशन चालू असताना रुग्णाची नाडी ठरावीक वेळाने मोजून कागदावर टिपायला सुरुवात केली. हेच भुलीचे पहिले तक्ते मानले जातात.

वरवर साधी वाटणारी ही गोष्ट किती महत्त्वाची, हे आम्हा कारध्याच्या लोकांना लगेच कळेल. पावसाळ्यात इथे पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजतात. 245.50 मीटर ही धोक्याची पातळी. पण पाणी तिथे पोहोचेपर्यंत कुणी थांबत नाही. मघाच्या आकड्याशी आत्ताचा आकडा ताडला की नदी चढते आहे का उतरते आहे, हे आधीच समजतं. भुलीतल्या रुग्णाचंही तसंच. नाडी एकदा पाहून काही कळत नाही, दर पाच मिनिटांनी लिहिली की ती कुठे चालली आहे ते दिसतं आणि हाताशी वेळ उरतो.

1895 मध्ये पदवी घेतल्यावर वर्षभराने कुशिंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड या सर्जनच्या हाताखाली दाखल झाले. 1901 मध्ये इटलीतल्या पाविया शहरात त्यांनी रिवा-रोची यांचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र पाहिलं. दंडावर पट्टा बांधून दाब मोजायचा, ही ती पद्धत. ती त्यांनी अमेरिकेत आणली आणि तक्त्यात नाडीच्या जोडीला रक्तदाब आला. पुढे त्यांचे भूलतज्ज्ञ ग्रिफिथ डेव्हिस ऑपरेशनभर रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके सतत ऐकू लागले. आज ऑपरेशनच्या खोलीत मॉनिटरवर ज्या रेघा पळतात, त्यांचं मूळ हे असं आहे.

वाटाण्याएवढी ग्रंथी

आता पीयूषिका ग्रंथीकडे वळूया. पाठ्यपुस्तकात आपण हिचं नाव शिकवतो. डॉक्टर हिला पिट्युटरी म्हणतात. आकाराने वाटाण्याएवढी, पण वाढ, थायरॉइड, प्रजनन, शरीरातलं पाणी अशा कितीतरी कामांवर तिचा ताबा. मेंदूच्या तळाशी, हाडातल्या खोगिरासारख्या खळग्यात ती बसलेली असते. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. म्हणून तिथे गाठ झाली की दोन्ही बाजूंचं कडेचं दिसणं हळूहळू कमी होऊ लागतं.

या शतकापूर्वीच्या शतकात, 1901 च्या सुमारास, डोकेदुखी आणि मंदावत चाललेली नजर घेऊन एक किशोरवयीन मुलगी कुशिंग यांच्याकडे आली. वयाप्रमाणे तिची शारीरिक वाढही झालेली नव्हती. त्यांनी मेंदूवरचा दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, पण ती वाचली नाही. शवविच्छेदनात गाठ सापडली ती पीयूषिकेच्या जागी. निदान हुकलं होतं. कुशिंग यांनी ही केस लपवली नाही, ती छापून जगापुढे मांडली आणि या ग्रंथीचा अभ्यास सुरू केला.

वाट कोणती?

या गाठीपर्यंत जायच्या वाटा दोन. एक वरून, म्हणजे कवटी उघडून आणि मेंदू अलगद उचलून. दुसरी खालून, नाकामागच्या हाडाच्या पोकळीतून. 1907 मध्ये ऑस्ट्रियात हर्मन श्लोफर यांनी खालची वाट प्रथम वापरली होती. 1909 मध्ये कुशिंग यांनी हातापायांची आणि चेहऱ्याची हाडं अवाजवी वाढलेल्या एका शेतकऱ्यावर नाकाच्या बाजूने शस्त्रक्रिया केली. तो बरा होऊन पुढे बरीच वर्षं जगला. मग त्यांनी पद्धत सुधारली. वरचा ओठ उचलून त्याच्या आत चीर द्यायची आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या कडेने मागे जायचं. चेहऱ्यावर वण राहत नाही.

पण या वाटेने भुलीचं काम अवघड होतं. सर्जनची वाट आणि रुग्णाच्या श्वासाची वाट शेजारीशेजारी! रक्त घशात उतरून श्वास अडण्याची भीती. शिवाय वाढीच्या संप्रेरकाचा विकार असलेल्या रुग्णाची जीभ आणि जबडा मोठा झालेला असतो, त्यामुळे श्वासमार्ग सांभाळणं आणखी कठीण. आज श्वासनलिकेत नळी घालून घशात पट्टी ठेवतात. नंतर नाकात पॅकिंग असेल तर जागा झाल्यावर तोंडानेच श्वास घ्यायचा, हे रुग्णाला आधी समजावून सांगतात. कुशिंग यांच्या काळात तर अँटिबायोटिक औषधंही नव्हती.

तरीही 1910 ते 1925 या काळात त्यांनी 231 रुग्णांवर या वाटेने शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचं प्रमाण 5.6 टक्क्यांवर ठेवलं. हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी मृत्यूही मोजले आणि छापले. पुढे त्याच नोंदी पाहून 1920 च्या दशकाच्या शेवटी ते वरच्या वाटेकडे वळले. डोळ्यांच्या नसा वरून नीट दिसत, दाब चांगला हटवता येई. 1926 मध्ये बोवी यांच्या विद्युत उपकरणामुळे रक्तस्रावही आटोक्यात आला होता. स्वतः रूढ केलेली पद्धत बाजूला ठेवायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

बहुतेक सर्जन त्यांच्यामागे गेले. पण त्यांचे एडिनबरोचे शिष्य नॉर्मन डॉट यांनी खालची वाट चालू ठेवली. डॉट यांच्याकडून ती पॅरिसच्या गियो यांनी घेतली, गियोंकडून कॅनडातल्या ज्यूल हार्डी यांनी. हार्डींनी 1960 च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आज मोठ्या रुग्णालयांत नाकातून दुर्बीण घालून याच वाटेने बहुतेक गाठी काढतात. एका शिष्याने वाट मोडू दिली नाही, म्हणून हे झालं बघा.

अखेर

कुशिंग कडक शिस्तीचे होते, सहकाऱ्यांना त्यांचा जाचही होई. 1926 मध्ये त्यांनी लिहिलेल्या विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला. 1932 मध्ये त्यांनी वर्णन केलेला पीयूषिकेचा विकार आजही कुशिंगचा आजार म्हणून ओळखला जातो. 7 ऑक्टोबर 1939 रोजी वयाच्या 70 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

वर्गात आणि घरी

पाचवीच्या पुढच्या मुलांकडून एक उपक्रम जरूर करून घ्या. मनगटावर नाडी शोधायची, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. आधी बसून, मग मैदानाला एक फेरी मारून, नंतर दर मिनिटाला पाच वेळा. आलेख कागदावर टिंबं जोडली की प्रत्येक मुलाच्या हातात कुशिंग यांच्यासारखा तक्ता असेल.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी. शाळेत उंची-वजनाच्या नोंदी असतातच. कुठे कुठे त्या मागच्या वर्षीचे आकडे थोडे वाढवून भरल्या जातात. असं करू नका. प्राथमिक वयात मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. एखाद्याची उंची वर्षभरात जेमतेम वाढली, किंवा ती सोबत्यांपेक्षा फारच झपाट्याने वाढते आहे, किंवा डोकेदुखीसोबत फळ्यावरचं किंवा कडेचं दिसणं कमी झालं, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवा. बहुतेक वेळा कारण साधं निघेल, आहार, चष्मा, घराण्याची ठेवण. गाठ क्वचितच असते. पण ती ओळखायला आधीचा खरा आकडा लागतो, आणि तो लिहिलेला असतो आपल्याच रजिस्टरमध्ये.